साडेचार कोटींचा मुलगा आणि बाकीची मुले

२३ मे २०१७ रोजी स्पेनच्या रिअल माद्रिदने ब्राझीलच्या फ्लामेंगो या फुटबॉल क्लबशी झालेला एक करार जाहीर केला. सुमारे साडेचार कोटी युरो मोजून त्यांनी ज्याच्यावर हक्क मिळवला होता, तो व्हिनिशियस ज्युनियर त्या दिवशी १६ वर्षांचा होता. फ्लामेंगोच्या वरिष्ठ संघातून तो पहिल्यांदा खेळला त्याला जेमतेम दहा दिवस झाले होते, आणि १३ मेच्या त्या सामन्यातही तो बदली खेळाडू म्हणून शेवटच्या काही मिनिटांपुरताच मैदानात उतरला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी क्लबने त्याचा करार २०२२ पर्यंत वाढवला आणि करार मोडून त्याला नेण्याची किंमत तीन कोटी युरोंवरून साडेचार कोटींवर नेली. म्हणजे हा पैसा त्याने केलेल्या खेळासाठी दिलेला नव्हता. तो पुढे कसा खेळेल, या अंदाजासाठी दिलेला होता.

तो अंदाज खरा ठरला. २०२२ च्या चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्धचा एकमेव गोल त्याचा होता, २०२४ च्या अंतिम सामन्यातही त्याने गोल केला आणि त्याच वर्षी फिफाने त्याला जगातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवले. त्यामुळे आता त्याच्या बालपणाची गोष्ट सांगताना शेवट आधीच ठाऊक असतो, आणि गरीब वस्तीतला मुलगा, त्याची जिद्द, मोठा क्लब, मग युरोप अशा क्रमाने ती आपल्या वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवरही वर्षानुवर्षे छापली जाते. या गोष्टीत खोटे काही नाही. पण तिचा उपयोग ज्या कामासाठी होतो, त्याला माझा ठाम विरोध आहे. अशा एका मुलाकडे बोट दाखवून मुलांना घडवण्याची आणि विकण्याची सगळी व्यवस्था योग्य असल्याचा दाखला दिला जातो. माझ्या मते क्लबची परीक्षा, ज्या मुलांना कुणीही विकत घेतले नाही, त्यांना त्याने कसे वागवले यावरून व्हायला हवी; आणि मुलांच्या विक्रीतून येणाऱ्या पैशावर या इतर मुलांचा कायद्याने बांधलेला हक्क असला पाहिजे.

व्हिनिशियसच्या सुरुवातीच्या वर्षांकडे जरा जवळून पाहिले, तर या व्यवस्थेचे भले आणि बुरे दोन्ही त्यात दिसते. त्याचा जन्म १२ जुलै २००० चा, रिओ राज्यातल्या साओ गोन्सालोचा. ग्वानाबारा खाडीच्या पलीकडच्या काठावरचे हे नऊ-दहा लाख वस्तीचे शहर पर्यटकांच्या रिओत मोडत नाही. तिथून कामासाठी रोज खाडी ओलांडणाऱ्यांचे ते गाव आहे. २००६ मध्ये वडिलांनी त्याला फ्लामेंगोच्या स्थानिक शाखेत घातले, तेव्हा नोंदणीच्या कागदावर त्याची जागा डावा बचावपटू अशी लिहिली गेली. पुढची काही वर्षे तो शेजारच्या नितेरॉय शहरातल्या कांतो दो रिओ क्लबात फुटसाल खेळला. लहान मैदान, जड चेंडू आणि अंगाला भिडलेला प्रतिस्पर्धी असलेल्या या खेळात ब्राझीलच्या कितीतरी आक्रमकांचे पाय तयार झाले आहेत, आणि अरुंद जागेत दोघांच्या मधून निसटून जाण्याची जी कला आज माद्रिदमध्ये वाखाणली जाते, तिचे मूळ तिथेच आहे. २००९ मध्ये फ्लामेंगोने त्याची फुटसालची चाचणी घेतली आणि वय लहान असल्याने पुढच्या वर्षी यायला सांगितले. त्याने मात्र फुटसालकडे पाठ फिरवून मोठ्या मैदानाचा खेळ निवडला आणि २०१० मध्ये त्या खेळाच्या चाचणीत उत्तीर्ण होऊन तो क्लबात दाखल झाला.

फ्लामेंगोचे प्रशिक्षण केंद्र रिओच्या पश्चिम टोकाला वार्जेम ग्रांदे भागात आहे. साओ गोन्सालोहून तिथे पोहोचायचे तर लांबलचक पूल ओलांडून अख्खे शहर आडवे कापावे लागते. हा रोजचा प्रवास झेपणारा नव्हता, म्हणून आईवडिलांचे घर सोडून तो रिओतल्या अबोलिसाओ भागात काकांकडे राहायला गेला. चरित्रात हा तपशील एका ओळीत उरकला जातो, पण मला तो कळीचा वाटतो. त्याची सोय नातेवाइकांनी केली. ज्यांचे काका रिओत राहत नव्हते, ज्यांची घरे दुसऱ्या राज्यांत होती, त्यांची सोय क्लबने केली. ती कशी केली, ते २०१९ च्या फेब्रुवारीत साऱ्या देशाला कळले.

८ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे, पाच वाजून गेल्यावर, या केंद्रातल्या वसतिगृहाला आग लागली. वसतिगृह म्हणजे एकमेकांना जोडलेले धातूचे कंटेनर होते. त्यांना खोल्यांचे रूप देऊन आत वातानुकूलन यंत्रे बसवली होती. आग अशाच एका यंत्रापासून सुरू झाली. भिंतींच्या पोकळीत भरलेल्या कृत्रिम फोमने ती काही मिनिटांत सगळीकडे पसरली आणि आत झोपलेल्या २६ मुलांपैकी १० मुले मरण पावली. त्यांची वये १४ ते १६ होती, म्हणजे त्यांतले सर्वांत मोठे मूलही व्हिनिशियसच्या विक्रीवेळच्या वयापलीकडे गेलेले नव्हते. चौकशीत पुढे आलेल्या गोष्टी आगीइतक्याच भयंकर आहेत. महापालिकेला सादर केलेल्या नकाशात त्या जागी वाहनतळ दाखवलेला होता. केंद्राकडे अग्निशमन दलाचा दाखला नव्हता. परवान्याशिवाय केंद्र चालवल्याबद्दल महापालिकेने क्लबला तीसेक वेळा दंड केला होता आणि २०१७ मध्येच ते बंद करण्याचा आदेशही काढला होता. केंद्र चालू राहिले आणि मुले तिथेच झोपत राहिली.

अपघात कुठेही होतात आणि एका दुर्घटनेवरून साऱ्या व्यवस्थेला दोषी धरू नये, असा युक्तिवाद इथे केला जातो. तो मला मान्य नाही, कारण त्या वेळी क्लबची आर्थिक स्थिती काय होती, हे सर्वांसमोर आहे. २०१३ पर्यंत फ्लामेंगो कर्जात बुडालेला होता. त्यानंतरच्या व्यवस्थापनाने खर्चाला शिस्त लावली, देणी फेडली, आणि त्या सावरण्यात मुलांच्या विक्रीचा वाटा मोठा होता. व्हिनिशियसपाठोपाठ याच केंद्रात घडलेला लुकास पाकेता इटलीच्या मिलान क्लबला विकला गेला. २०१८ च्या अखेरीस वरिष्ठ खेळाडूंसाठी या केंद्रात नवी आधुनिक इमारत उभी राहिली. २०१९ च्या जानेवारीत, आगीच्या काही आठवडे आधी, क्लबने उरुग्वेचा आरास्काएता याला घेण्यासाठी ब्राझीलच्या क्लबांत तोवर कुणी खर्च केली नव्हती एवढी रक्कम मोजली. त्याच आवारात मुले कंटेनरमध्ये होती आणि त्यांना लवकरच पक्क्या इमारतीत हलवण्याचा बेत होता. पैसा आला तेव्हा आधी कुणाची सोय करायची हा निर्णय क्लबने घेतला, आणि त्या क्रमात मुले शेवटी आली. हा क्रम कुणीतरी ठरवला होता, म्हणून याला निव्वळ अपघात म्हणता येत नाही.

पुढे जे घडले तेही सांगितले पाहिजे. त्याच २०१९ मध्ये फ्लामेंगोने राष्ट्रीय विजेतेपद आणि दक्षिण अमेरिकेतली सर्वोच्च मानली जाणारी लिबर्तादोरेस स्पर्धा, दोन्ही जिंकल्या. लिमामधल्या अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांत दोन गोल करून त्यांनी अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटला हरवले आणि रिओच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. मृत मुलांच्या कुटुंबांशी भरपाईची बोलणी मात्र लांबत गेली. सरकारी यंत्रणांनी सर्व कुटुंबांसाठी सुचवलेली एकत्रित भरपाई क्लबने स्वीकारली नाही आणि एकेका कुटुंबाशी स्वतंत्र तडजोड करण्याचा मार्ग धरला. शेवटच्या कुटुंबाशी समझोता होईपर्यंत जवळजवळ सहा वर्षे गेली. फौजदारी खटल्यात २०२५ मध्ये पहिल्या पातळीवरच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. दहा मुले गेली आणि त्यांच्या मृत्यूला कुणीही व्यक्तिशः जबाबदार ठरले नाही.

यावर नवा कायदा करा, असे म्हणणे सोपे आहे, पण खरी गोष्ट अशी की कायदा होताच. ब्राझीलमध्ये १९९८ साली, पेले क्रीडामंत्री असतानाच्या काळात आकाराला आलेला आणि त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. करार संपल्यानंतरही खेळाडूला आपल्याकडे अडकवून ठेवण्याचा क्लबांचा जुना अधिकार त्याने मोडला. २०११ च्या दुरुस्तीने त्यात मुलांना घडवणाऱ्या क्लबांची कर्तव्ये सविस्तर लिहिली: आहार, वैद्यकीय आणि मानसिक मदत, शाळा, कुटुंबाशी संपर्क, दिवसाला चार तासांहून अधिक सराव नाही, आणि स्वच्छता व सुरक्षिततेच्या दृष्टीने योग्य अशी निवासाची जागा. १४ वर्षांपासून मुलाला शिकाऊ म्हणून भत्ता देता येतो, १६ व्या वर्षी पहिला व्यावसायिक करार करता येतो. कागदावर मुलाचे सगळे हक्क होते. ते मोडले तर क्लबला जे मोजावे लागत होते, ते एका मुलाच्या विक्रीतून मिळणाऱ्या रकमेपुढे इतके किरकोळ होते की दंड भरत राहणे किंवा तो न भरताच पुढे जाणे परवडत होते.

फिफाच्या नियमाचीही तीच कथा आहे. १८ वर्षांखालच्या खेळाडूला, काही मोजके अपवाद सोडले तर, एका देशातून दुसऱ्या देशात नेता येत नाही. आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या मुलांना दलाल युरोपात आणून वाऱ्यावर सोडत, त्यातून हा नियम जन्माला आला आणि त्याची गरज होतीच. २०१४ मध्ये बार्सिलोनाला आणि २०१६ मध्ये माद्रिदच्या दोन्ही मोठ्या क्लबांना तो मोडल्याबद्दल नवे खेळाडू नोंदवण्यास बंदी घातली गेली. रिअल माद्रिदची बंदी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने कमी केल्यामुळे ती २०१७ च्या जानेवारीत संपली, आणि मे महिन्यात त्यांनी व्हिनिशियसचा करार केला. हा करार नियमाला धरूनच होता. तो नियम मुलाच्या प्रवासाची तारीख ठरवतो, त्याच्या किमतीची घासाघीस केव्हा सुरू व्हावी याबद्दल काही बोलत नाही. म्हणून सौदा सोळाव्या वर्षी झाला, मुलगा १८ वर्षांचा होईपर्यंत रिओतच राहिला, आणि २०१८ च्या जुलैमध्ये, अठरावा वाढदिवस येताच, माद्रिदचा झाला. पुढे साओ पाउलो राज्यातल्या सांतोस क्लबचा रॉद्रिगो, पाल्मेरासचा एन्ड्रिक आणि चेल्सीने घेतलेला एस्तेवाओ याच वाटेने गेले. एन्ड्रिकचा करार २०२२ च्या डिसेंबरात झाला, तेव्हा तोही १६ वर्षांचाच होता.

अठराच्या आत कोणताही असा सौदा करण्यास बंदी घालावी, अशी मागणी काही जण करतात. त्यामागचा कळवळा मला समजतो, पण मी ती करणार नाही. ज्या घरात महिनाअखेरीची चिंता आहे, त्या घराला सोळाव्या वर्षी मिळालेली हमी ही दुखापतीच्या आणि फॉर्म जाण्याच्या भीतीपासूनची सुटका असते. गुडघ्याची एक दुखापत झाली तर अठराव्या वर्षी विचारायला कुणी येणार नाही, हे त्या मुलाच्या आईवडिलांना चांगले ठाऊक असते. ती हमी काढून घेऊन आपण त्यांना काय देणार, याचे उत्तर बंदी मागणाऱ्यांकडे नाही. शिवाय बंदी आली की व्यवहार थांबत नाहीत, ते तोंडी होतात, आणि तोंडी व्यवहारात सर्वांत दुबळा पक्ष नेहमी मुलाचाच असतो. व्हिनिशियसला या सौद्याने बांधले तसे सांभाळलेही: आणखी एक वर्ष तो आपल्या भाषेत, आपल्या माणसांत, फ्लामेंगोच्याच लाल-काळ्या जर्सीत खेळला, आणि माद्रिदला गेल्यावरही सुरुवातीला तिथल्या दुय्यम संघातून तिसऱ्या श्रेणीचे सामने खेळत रुळला.

माझा आक्षेप सौद्याच्या दुसऱ्या बाजूला आहे. साडेचार कोटी युरो ज्या केंद्रामुळे मिळाले, त्या केंद्रात शेकडो मुले येतात. विकण्याजोगा एक सापडावा म्हणून बाकीची जमवलेली असतात. सरावात त्याला अडवायला बचावपटू लागतो, त्याला पास द्यायला मध्यरक्षक लागतो, त्याचे फटके झेलायला गोलरक्षक लागतो. त्या मुलांनी आपली शाळेची वर्षे, घर आणि शरीर या कामाला दिलेले असते, आणि त्यांच्याशिवाय तो एकटा घडू शकला नसता. तरीही जेव्हा पैसा येतो तेव्हा त्यांचा त्याच्याशी काहीच संबंध राहत नाही.

त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला काय येते, हे ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाच्याच आकड्यांत आहे. २०१५ मध्ये नोंदणीकृत असलेल्या २८ हजारांहून अधिक व्यावसायिक खेळाडूंपैकी ८० टक्क्यांहून अधिकांचा मासिक पगार एक हजार रेआलच्या आत होता, म्हणजे त्या वेळच्या किमान वेतनाच्या जरासाच वर. ही व्यावसायिक झालेल्यांची स्थिती. जे तिथवरही पोहोचले नाहीत त्यांची तर या आकड्यांत नोंदच नाही. आणि विकला गेलेला प्रत्येक जण व्हिनिशियस होतो असेही नाही. आगीला वर्षही झाले नव्हते तेव्हा, २०२० च्या जानेवारीत, याच केंद्रातला रेनिएर हा मुलगा अठरावा वाढदिवस होताच सुमारे तीन कोटी युरोंना रिअल माद्रिदला गेला. माद्रिदच्या मुख्य संघातून तो एकही अधिकृत सामना खेळू शकला नाही. जर्मनी, स्पेन, इटली अशा देशांतल्या क्लबांकडे उसना म्हणून फिरून अखेर २०२५ मध्ये तो ब्राझीलला परतला. त्याच्या हाती निदान पैसा आला. तीच स्वप्ने घेऊन आलेल्या आणि सतराव्या वर्षी बॅग भरून घरी पाठवलेल्या मुलाच्या हाती अर्धवट सुटलेली शाळा येते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. १८ वर्षांखाली ठरलेल्या प्रत्येक सौद्यातला ठरावीक हिस्सा क्लबच्या सर्वसाधारण खात्यात जाताच कामा नये. तो मुलांच्या निवासासाठी, शाळेसाठी आणि क्लबातून बाहेर पडलेल्या मुलांच्या पुढच्या काही वर्षांच्या शिक्षणासाठी वेगळा ठेवला जावा, आणि त्याचा हिशेब क्लबच्या सदस्यांपुढे नव्हे तर सरकारी यंत्रणेपुढे मांडला जावा. दुसरे असे की ज्या केंद्राकडे निवासाचा आणि अग्निसुरक्षेचा चालू दाखला नाही, त्या क्लबला त्या काळात एकाही खेळाडूच्या हस्तांतरणाची नोंद करता येऊ नये. तीसेक दंडांनी जे झाले नाही, ते विक्रीच अडकल्याने एका आठवड्यात होईल. रिअल माद्रिदसारख्या खरेदीदारालाही मग विचारावे लागेल की आपण ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजतो आहोत, तो आणि त्याचे सोबती रात्री झोपतात कुठे.

असे केल्याने लहान क्लब बुडतील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. ब्राझीलच्या आतल्या भागात असे क्लब आहेत की ज्यांचे वर्षाचे सगळे उत्पन्न एखाद्या मुलाच्या विक्रीवर अवलंबून असते. पण सौदा झाला तरच हिस्सा द्यायचा आहे, सौदा नसेल तर काहीच द्यायचे नाही. आणि जो क्लब मुलांना सुरक्षित छप्पर देऊ शकत नाही, त्याने त्यांना निवासी ठेवू नये, आपल्या गावातल्या, रात्री घरी जाणाऱ्या मुलांना शिकवावे. यात खेळाचे काहीही नुकसान नाही. व्हिनिशियसची पहिली वर्षेही घराजवळच्या मैदानांवर आणि फुटसालच्या बंदिस्त कोर्टांवरच गेली होती. आज तो स्वतःच्या नावाच्या संस्थेमार्फत, जी त्याने २०२१ मध्ये सुरू केली, साओ गोन्सालोच्या सरकारी शाळांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी पैसा खर्च करतो. हे त्याचे मोठेपण आहे. पण जे काम क्लबने त्याच्या विक्रीतून करायला हवे होते, ते खेळाडूच्या दानतीवर सोडून देणे बरोबर नाही.

इतका पैसा एवढ्या देशांतून फिरतो, त्यातला कुणाचा वाटा कुठे गेला हे शोधणार कसे, असेही विचारले जाईल. ते काम फिफा आधीपासून करते आहे. आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या रकमेतला पाच टक्के भाग, खेळाडू १२ ते २३ वयात ज्या ज्या क्लबांत घडला, त्यांच्यात वाटला जातो. कोणत्या वर्षी तो कुठे नोंदलेला होता याची कागदपत्रे तपासली जातात, आणि २०२२ पासून त्यासाठी फिफाने स्वतंत्र हिशेबघरही उघडले आहे. बारा वर्षांच्या मुलाने कोणत्या क्लबात किती महिने काढले, हे पैशाच्या वाटपासाठी अचूक शोधणाऱ्या या यंत्रणेला, त्या महिन्यांत तो कोणत्या खोलीत राहिला आणि तिला सुरक्षिततेचा दाखला होता का, हेही विचारता येईल. त्यासाठी नवी संस्था लागत नाही, सध्याच्या अर्जात दोन रकाने वाढवावे लागतात, आणि ते रकाने रिकामे असतील तर पैसे अडवण्याचा अधिकार लागतो.